पहिला उकार

आधीच सांगून टाकते, बडेबाबूंवर माझा राग आहे. तो अजून गेलेला नाही आणि जावा अशी माझी इच्छाही नाही. माणूस रिटायर झाला की त्याच्याविषयी गोड बोलायची आपल्याकडे पद्धत आहे. ज्यांना ती पाळायची आहे त्यांनी खुशाल पाळावी.

आमच्या नगरपंचायतीचे ते हेडक्लार्क. सगळं गाव बडेबाबूच म्हणायचं, त्यामुळे त्यांचं खरं नाव पाटी वाचल्याशिवाय कोणाला कळत नसे. मी जन्म-मृत्यूच्या खिडकीवर कंत्राटी ऑपरेटर. सानगडीहून रोज स्कूटीने येते. त्यांची खुर्ची बरोबर माझ्या पाठीमागे. दिवसभर मी खिडकीतल्या माणसाशी जे बोलायची ते त्यांच्या कानावर पडायचं आणि पाठीमागून दुरुस्त होऊन यायचं.

"‘देऊन राहिली’ नव्हे. ‘देत आहे’."

त्यांच्या खिशाला तीन पेनं असायची. निळं आणि काळं कार्यालयाच्या कामाचं, लाल पेन लोकांसाठी. अर्ज आला की आधी लाल पेन बाहेर निघायचं. ‘विनंती’ची वेलांटी, ‘महत्त्वाचे’मधला दुसरा त, ‘आशीर्वाद’मधला शी. तीनपेक्षा जास्त गोल झाले की अर्ज परत. धानाची रोवणी अर्धी टाकून, चिखलाचे पाय घेऊन आलेला माणूस पुन्हा कागद विकत घेऊन लिहायला बसायचा. एकदा एका म्हाताऱ्याने ऐकवलं होतं, "बाबू, मले माय मेल्याचा दाखला पायजे. मॅट्रिकची परीक्षा नाई द्याची." बडेबाबूंनी शांतपणे विचारलं, "‘मले’ की ‘मला’?" म्हातारा उठून गेला आणि दुसऱ्या दिवशी नातवाकडून अर्ज लिहून घेऊन आला.

आमचा शिपाई तर त्यांच्याशी बोलायचाच नाही. पाणी हवं का, हे अंगठा तोंडाकडे नेऊन विचारायचा. साहेब बोलावतात, हे बोट वर करून. बारा वर्षं त्या दोघांचं असंच चाललं होतं आणि दोघांनाही त्यात काही खटकत नव्हतं.

खोटं कशाला बोलू, माणूस हरामखोर नव्हता. कोणाच्या चहालासुद्धा हात लावला नाही. दहाच्या ठोक्याला खुर्चीत. गाव ग्रामपंचायत होतं तेव्हापासूनची जन्म-मृत्यूची रजिस्टरं त्यांनी पिवळ्या कापडात बांधून ठेवली होती आणि रोज सकाळी स्वतःच्या रुमालाने पुसायचे. रजिस्टर उघडं असेल तर पंखा बंद. पानं फडफडली की शिवण ढिली होते म्हणे. भंडाऱ्याकडचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना या एका नियमाचा अर्थ कळेल.

आणि अक्षर! मोत्यासारखं म्हणतात तसं. चाळीस वर्षांत एक खाडाखोड नाही. हे ते स्वतःच सांगायचे. ज्याने त्याने ऐकून ऐकून पाठ केलं होतं. माझं म्हणणं एवढंच की खाडाखोड नाही याचा अर्थ चूक नाही असा होत नाही. पण ते नंतर.

एकदा मी रेकॉर्ड रूममध्ये जुनी फाइल शोधत होते. ते दाराआड फोनवर होते. "जेवली का वो माय? भाजी कायची केली होती? मी येतो न आयतवारी, कायले रडतेस?" मी ऐकलं, आणि मी ऐकल्याचं त्यांना कळलं. बाहेर येऊन चष्मा पुसत म्हणाले, "मातोश्रींची प्रकृती बरी नसते." मला तेव्हा हसू आलं होतं. आता वाटतं, आईसाठी दाराआड एक भाषा ठेवणाऱ्या माणसाने खिडकीतल्या लोकांना तीच बोलल्याबद्दल चाळीस वर्षं हिणवलं.

आता रजिस्टरात काय होतं ते सांगते. आमच्याकडे शुक्रवारी झालेला सुकरू, मंगळवारचा मंगरू, दसऱ्याला झालेला दसरू. बडेबाबूंच्या मते ही नावं नव्हती, हे अपभ्रंश होते. बाप येऊन नाव सांगायचा आणि बडेबाबू त्याचं शुद्ध रूप लिहायचे. दसरूचा दशरथ झाला. फागूचा फाल्गुन झाला. सुकरूचा चक्क शुक्राचार्य. इस्तारीचा विस्तारी. बापाला वाचता येत नव्हतं, तो अंगठा लावून निघून जायचा. पुढे शाळेत गुरुजी घरी हाक मारतात तेच नाव घालायचे. मग वीस वर्षांनी कुठे दाखला लागला की माणूस माझ्या खिडकीशी येऊन म्हणायचा, "मॅडम, हा कोन आहे?"

मी नोकरीला लागले तेव्हा जुनी नोंद संगणकात चढली होती. मी चार वर्षं बसून नावं दुरुस्त केली. शाळेचा दाखला बघायचा, प्रतिज्ञापत्र स्कॅन करायचं, साहेबांची डिजिटल सही. खरं तर नियमाने मूळ रजिस्टरातही नोंद करावी लागते. जुनं नाव खोडायचं नाही. शेजारच्या समासात, चूक झाली असं लिहून खरं नाव लिहायचं आणि खाली बडेबाबूंची सही. पण ते म्हणायचे, "तुमच्या यंत्रात काय हवं ते करा बाई. रजिस्टरात चूक नाही. चूक लोकांच्या जिभेत आहे." आणि मीही वाद घालत बसले नाही. रोज कोण डोकं फोडून घेणार? हा माझा दोष. तो मी कबूल करते.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एक ई-मेल आला. विषय: जन्म-मृत्यू नोंदींचे शुद्धीकरण, तातडीचे व महत्त्वाचे. सोबत एक फाइल. पाठवणाऱ्याच्या पत्त्याच्या शेपटाला भलतीच इंग्रजी अक्षरं होती. मी थांबले. पाठीमागून बडेबाबू वाकून वाचत होते आणि मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"बघा," ते म्हणाले. "‘महत्त्वाचे’. दोन त. चाळीस वर्षांत वरून आलेल्या एका पत्रात मला हे दिसलं नाही. कोणीतरी भाषा जाणणारा माणूस बसलेला दिसतो तिकडे."

"बडेबाबू, पत्ता वेगळा दिसून राहिला."

"‘दिसून राहिला’ नव्हे. ‘दिसतो आहे’. उघडा."

मी उघडलं. हात माझा होता. सरकारी पत्र इतकं शुद्ध कधीच नसतं, हे ज्या क्षणी कळायला हवं होतं त्या क्षणी मी माझं क्रियापद सुधारत होते. दुपारी जेवून आलो तोवर सगळ्या संगणकांवर काळा पडदा आणि इंग्रजीत धमकी: फाइली हव्या असतील तर अमुक इतके पैसे पाठवा. जन्म, मृत्यू, विवाह, पाणीपट्टी, घरांचे नकाशे, सगळ्याला कुलूप. बॅकअप होता. तो त्याच मशीनच्या दुसऱ्या कप्प्यात होता. चोराने घराला कुलूप लावलं आणि दुसरी किल्ली आम्ही घरातच टांगून ठेवली होती.

नागपूरहून तपासणीवाले आले. पडद्यांचे फोटो काढले, तर्री पोहे खाल्ले, मशीन गोणपाटात बांधून घेऊन गेले. जाण्याआधी साहेबांच्या केबिनमध्ये सगळ्यांना उभं करून विचारलं, फाइल कोणी उघडली? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बडेबाबूंकडे बघितलं.

"संगणक या बाई हाताळतात," ते म्हणाले.

वाक्य अगदी शुद्ध होतं. त्यात खोटंही काही नव्हतं. माझी कानशिलं तापली. साहेबांनी माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. मी संध्याकाळी बसून दोन पानं लिहिली आणि नियमाप्रमाणे हेडक्लार्कमार्फत सादर केली. सकाळी तो खुलासा माझ्या टेबलावर परत आला. ‘माझी चुक नाही’ या वाक्यात ‘चुक’भोवती लाल गोल.

"पहिला उकार दिलात," ते म्हणाले. "‘चूक’ एकटी असते तेव्हा दीर्घ, दुसरा उकार. तिला काही जोडलं की ऱ्हस्व. चुकीला, चुकांना. एवढं लक्षात ठेवा, आयुष्यभर पुरेल."

तो कागद मी त्यांच्या तोंडावर फेकायला हवा होता. मी दुसरा उकार देऊन पुन्हा लिहून दिला.

गावाने आपल्या परीने निभावलं. घंटागाडीच्या भोंग्यावर ‘स्वच्छ गाव’च्या गाण्यानंतर ‘संगणक बंद आहेत, पाणीपट्टीसाठी येऊ नये’ अशी घोषणा सुरू झाली. बाजाराच्या पावत्या शाळेच्या वह्यांवर कार्बन ठेवून फाडल्या. घरबांधणीच्या परवानग्या तोंडी झाल्या आणि त्यावरून दोन भावांत मारामारीही झाली. दाखल्यांचं मात्र काही सुचेना. मग साहेबांना पिवळं कापड आठवलं.

बडेबाबूंनी गाठ सोडली तेव्हा बाहेर रस्त्यापर्यंत रांग होती. पंखा बंद. ते दिवसभर हाताने दाखले लिहीत होते, पाठ वाकवून, घाम रुमालाने टिपत, कागदावर थेंब पडू न देता. पेपरात त्यांचा फोटो आला, यंत्र हरलं आणि रजिस्टर जिंकलं म्हणून. लोक पाया पडले. मी त्यांच्या पुढ्यात स्टुलावर बसून शिक्के मारत होते. दुसऱ्याच दिवशी तेच लोक दाखले घेऊन परत यायला लागले.

"माहा बाप शुक्राचार्य कई झाला जी?"

"नोंद शुद्ध आहे," बडेबाबू म्हणायचे. "पुढचा."

चार वर्षं मी जे केलं होतं ते सगळं त्या काळ्या पडद्यामागे गेलं होतं. प्रतिज्ञापत्रांचे कागद स्कॅन झाल्यावर लोकांना परत दिलेले. रजिस्टरातली नावं तेवढी पुन्हा जिवंत झाली होती.

अशाच एका सोमवारी रोशनी आली. तळ्याकाठच्या ढिवरांच्या वस्तीतली. बाप इस्तारी तळ्यात जाळं टाकतो, आई बाजारात मासे विकते. पोरीने नर्सिंग केलं आणि सरकारी भरतीच्या निवड यादीत तिचं नाव लागलं होतं. नागपूरला गुरुवारी कागदपत्रांची तपासणी होती. त्यात जन्माचा दाखला, आईबापांच्या नावांसकट. तिची दुरुस्ती मी संगणकात केलेली होती; प्रिंट दुसऱ्या दिवशी निघणार होती आणि दुसऱ्या दिवशीच सगळं बंद पडलं. रजिस्टरात तिच्या बापाचं नाव होतं विस्तारी. आईचं नाव होतं पुष्पकला.

"माह्या आईचं नाव पुस्तकला आहे, मॅडम," रोशनी म्हणाली. "मार्कशीटवर पण तेच आहे."

आमच्याकडे पुस्तकला नावाच्या बाया पुष्कळ आहेत. कोणालाही विचारा. बडेबाबूंना मात्र ते नाव वाटलंच नव्हतं.

मी रजिस्टर त्यांच्यासमोर ठेवलं. "बडेबाबू, समासात दोन ओळी लिहा. दाखल्यावर साहेब आत्ता सही करतात, मी विचारून आले. पोरीची नोकरी आहे."

"पुस्तकला हा शब्दच नाही, बाई."

"शब्द कायले पायजे? नाव आहे!"

"‘कशाला पाहिजे’," ते म्हणाले आणि रजिस्टर मिटलं.

मंगळवारी मी त्यांच्याशी भांडले. पहिल्यांदाच, आणि सगळ्या ऑफिससमोर. म्हटलं, तुमच्या दोन त-मुळं गावाचं काम बसलं, तुम्ही माझं नाव पुढे केलंत, ते मी गिळलं. हे नाही गिळणार. बडेबाबूंचा चेहरा पांढरा झाला. हळू आवाजात म्हणाले, "चाळीस वर्षांत समासात एक अक्षर नाही. आता, सगळं गाव बघत असताना, मी तिथं चूक म्हणून लिहू?" तेव्हा मला कळलं की त्यांना व्याकरणाची पडलेली नव्हती. भीती वाटत होती. एक समास भरला की मागे रांग लागणार होती.

बुधवारी त्यांचा सत्कार होता. गावाची नोंद वाचवली म्हणून. शाल, श्रीफळ, हॉलमध्ये खुर्च्या, खिडकी दिवसभर बंद. रोशनी आणि तिची आई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसून होत्या. मी दोनदा आत जाऊन साहेबांच्या कानाला लागले. साहेब म्हणाले, कार्यक्रम होऊ द्या, आजच्या दिवशी त्यांना दुखवू नका. बडेबाबू भाषणात अचूकतेवर पाऊण तास बोलले. मग शाल घेऊन मागच्या दाराने घरी गेले.

गुरुवारी रोशनी नागपूरला गेली, प्रतिज्ञापत्र घेऊन. ते त्यांनी मानलं नाही. दुरुस्त दाखला आणा म्हणाले, आणि मुदत तर त्याच दिवशी संपत होती. यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावलं. विषय संपला.

शुक्रवारी तिची आई एकटी आली. बाजाराचं टोपलं बाहेर ठेवून, हात पदराला पुसत आत आली. मला वाटलं आता ही शिव्या देणार, आणि द्याव्यात असं मला मनापासून वाटत होतं. ती सरळ बडेबाबूंच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"बाबूजी, पोट्टी कालपासून जेवली नाई. म्हनते, आई, तुह्या नावानं अडलं माहा काम." तिने हात जोडले. "मले वाचता नाई येत जी. तुमी वहीत जे नाव लिवलं ना, तेच आजपासून माहा नाव. सबन ठिकानी तेच सांगत जाईन. कसा म्हनाचा, तेवढा एकदा सांगून द्या."

तिला कोणी सांगितलंच नव्हतं की मुदत संपली.

"पुष्पकला," बडेबाबू म्हणाले.

"पुस्पकला."

"पुष्प."

"पुस्प." तिने घाम पुसला. "पुस्पकला. आता झाला का जी?"

बडेबाबूंनी पुन्हा तोंड उघडलं, सवयीने. मग मिटलं. चष्मा काढून विचारलं, "पुस्तकला हे नाव कोणी ठेवलं?"

"माह्या बापानं. त्याले वाचता नाई ये. मासे घेऊन जाये त शाळेच्या खिडकीजवळ उभा राहे, पोट्टे वाचे ते आयकत. मी झाली त म्हने, हिचं नाव पुस्तकला. घरात एक तरी पुस्तक रायते, म्हने."

बडेबाबूंनी रजिस्टर ओढलं. पान त्यांना शोधावं लागलं नाही. पंखा चालू होता, पानं फडफडत होती, तो बंद करा असं ते म्हणाले नाहीत. समासात लिहायला लागले. लिहून झाल्यावर सही केली आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "माय, तुमचं नाव बराबर आहे. बदलू नोका."

ती खूश होऊन गेली. काम झालं असं तिला वाटलं. ते झालेलं नाही हे व्हरांड्यात तिच्या मागे जाऊन मला सांगावं लागलं. बडेबाबूंना नाही. मला. हे मी विसरणार नाही.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत ते रोज समास भरत होते. माणसाला खुर्ची द्यायचे आणि विचारायचे, नाव कोणी ठेवलं, काहून ठेवलं. हो, ‘काहून’. शिपाई त्यांच्याशी तोंडाने बोलायला लागला. जाण्याच्या दिवशी त्यांनी साहेबांना लिहून दिलं की फाइल त्यांच्या सांगण्यावरून उघडली होती. लोक म्हणाले, बघा किती मोठा माणूस. असेल. रोशनी आज लाखनीच्या एका खाजगी दवाखान्यात इंजेक्शनं देते. भरती त्यानंतर निघाली नाही.

आता नवीन संगणक आले आहेत. आम्ही सगळं रजिस्टर पुन्हा चढवतो आहोत, समासासकट, जसं लिहिलं आहे तसं. परवा ते पान आलं. एरवी मी वाचलं नसतं, पण टाईप करताना अक्षर अक्षर बघावं लागतं. "आईचे नाव पुस्तकला, वडिलांचे नाव इस्तारी. मूळ नोंदीत नावे बदलली, ती नोंद करणाऱ्याची चुक." खाली सही.

मोत्यासारखं अक्षर, आणि पहिला उकार.

मी होतं तसं टाईप केलं. संगणकाने ‘चुक’खाली लाल रेघ मारली आणि शेजारी शुद्ध शब्द दाखवला. बोट लावलं असतं तर बदलला असता. मी लावलं नाही. त्यांचाच नियम आहे, चूक एकटी असली तरच दीर्घ. हिला एक मुलगी जोडलेली आहे.